शिशाचे विष, उंदरांवरची परीक्षा आणि आपली लेकरे

जुन्या बॅटऱ्या फोडणारा, भंगार वितळवणारा, भिंतीचा जुना रंग खरवडून नवा देणारा, छापखान्यात खिळे जुळविण्यात ज्याचे आयुष्य गेले तो, सोनाराच्या भट्टीपाशी बसणारा, अशा कष्टकरी माणसाच्या कपड्यांवरून संध्याकाळी कामाच्या जागेची धूळ घरात येते. त्या धुळीत पुष्कळदा शिसे असते. बाप घरात शिरताच लेकरू त्याच्या पायाला मिठी मारते, तीच बोटे तोंडात घालते आणि बापाच्या अंगावरचे विष लेकराच्या पोटात जाते. त्याला ना वास, ना चव. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. पोर चिडचिडे होते, पोट दुखते म्हणते, फिकट दिसू लागते, शाळेत मागे पडते. मग मास्तर म्हणतात, मुलगा मठ्ठ आहे. शेजारीण म्हणते, नजर लागली. रक्त तपासावे असे मात्र कोणी म्हणत नाही.

शिसे, पारा, आर्सेनिक म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या भाषेत सोमल, आणि कॅडमियम. ही विषे अंगातून काढायला औषध आहे का? औषध आहे, परंतु ते गुण देते की अपाय करते, हे ठरविण्यासाठी गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे प्रयोगशाळांतून उंदीर, ससे आणि माकडे यांच्यावर परीक्षा चालल्या आहेत. या परीक्षांतून जे निघाले ते कामगाराच्या घरात पोहोचलेच नाही. पोहोचल्या त्या ‘रक्त शुद्ध करून देतो’ असे सांगणाऱ्यांच्या जाहिराती. म्हणून हा विषय आज आपल्या कुटुंबाच्या पानावर घेत आहोत.

युद्धाच्या विषातून निघालेले औषध

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत ल्युइसाइट नावाचा विषारी पदार्थ तयार झाला. त्यात आर्सेनिक होते. कातडीला लागला की फोड, डोळ्यांत गेला की आंधळेपण. दुसरे महायुद्ध सुरू होताच हिटलरचे सैन्य असले काही वापरील या धास्तीने इंग्लंडात उतारा शोधण्याचे काम सुरू झाले. ऑक्सफर्ड येथे रुडॉल्फ पीटर्स, लॉइड स्टॉकेन आणि रॉबर्ट टॉम्पसन यांनी १९४० च्या सुमारास तो शोधून काढला.

त्यांचा विचार साधा होता. आर्सेनिक शरीरातल्या प्रथिनांमधील गंधकाला जाऊन चिकटते आणि पेशीचे काम बंद पाडते. मग शरीरातल्या गंधकापेक्षाही घट्ट धरणारे, गंधकाचे दोन हात असलेले एखादे द्रव्य बाहेरून दिले तर? आर्सेनिक त्याला चिकटेल आणि लघवीवाटे निघून जाईल. असे द्रव्य त्यांनी बनविले, प्राण्यांवर पारखले आणि ते लागू पडले. त्याचे नाव ‘ब्रिटिश अँटी-ल्युइसाइट’, म्हणजेच बाल. पुढे गरमीच्या रोगावर आर्सेनिकची इंजेक्शने घेऊन ज्यांना विषबाधा झाली होती, त्या रुग्णांनाही याच औषधाचा उपयोग झाला. हे औषध शेंगदाण्याच्या तेलात मिसळून स्नायूत टोचतात आणि ते फार दुखते.

अशा औषधाने धातू पकडून बाहेर काढण्याच्या उपचाराला ‘चिलेशन’ म्हणतात. हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. नांगीत भक्ष्य सापडते तसा औषधात धातू सापडतो. बालनंतर शिशासाठी कॅल्शियम ईडीटीए आले. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी तांबे साठण्याच्या आजारावर पेनिसिलमिन वापरले. चीनमध्ये १९५० च्या दशकात डीएमएसए या द्रव्याचा उपयोग दिसून आला. हे तोंडाने घेता येते. अमेरिकेत १९९१ मध्ये ‘सक्सिमर’ या नावाने मुलांच्या शिसेबाधेसाठी त्याला मान्यता मिळाली.

परीक्षा कशी घेतात?

शिशाच्या औषधाची परीक्षा बहुधा पांढऱ्या उंदरांवर घेतात. त्यांचे चार गट करतात. पहिल्या गटाला साधे पाणी. दुसऱ्याला शिशाचा क्षार मिसळलेले पाणी. तिसऱ्याला शिसे आणि त्यानंतर औषध. चौथ्याला शिसे मुळीच नाही, फक्त औषध. काही आठवड्यांनी रक्त, मूत्रपिंड, यकृत, हाडे आणि मेंदू यांत किती शिसे उरले ते मोजतात. रक्त तयार करणाऱ्या कामातले एक विकर शिशामुळे मंदावते. औषधाने ते पुन्हा पूर्ववत झाले का, हेही पाहतात.

वाचकांनी यातला चौथा गट नीट लक्षात ठेवावा. ज्याला विषबाधा नाही त्याला औषध दिले तर काय होते, याचे उत्तर त्या गटात मिळते.

आता या परीक्षांनी शिकविलेल्या चार गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट. रक्तातले विष कमी झाले म्हणजे मेंदूतले कमी झाले असे नाही. १९८३ मध्ये हूव्हर आणि अपोशियन यांनी सशांवर दाखविले की बाल दिल्याने मेंदूतील आर्सेनिक उलट वाढते. १९८७ मध्ये अमेरिकेतील कोरी-स्लेक्टा आणि सहकाऱ्यांनी उंदरांत पाहिले की ईडीटीएच्या पहिल्या मात्रेने हाडांतले आणि मूत्रपिंडातले शिसे सुटते, पण त्यातले काही मेंदूत जाऊन बसते. घर झाडताना एका कोपऱ्यातला कचरा दुसऱ्या कोपऱ्यात जावा, तसेच हे झाले.

दुसरी गोष्ट. शिसे येणे थांबविल्याशिवाय औषधाला अर्थ नाही. ऱ्हीसस माकडांना शिसे देऊन नंतर सक्सिमर देण्यात आले. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसते शिसे देणे बंद केले तेव्हा मेंदूतले शिसे जेवढे उतरले, त्यापेक्षा औषधाने अधिक उतरले नाही. म्हणजे खरा गुण शिसे थांबविण्याचा होता.

तिसरी गोष्ट. विष नसताना घेतलेले औषध हेच विष ठरू शकते. कॉर्नेल विद्यापीठातील बार्बरा स्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उंदरांवरचा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शिसे दिलेल्या उंदरांना सक्सिमरने फायदा झाला, त्यांचे शिकणे आणि लक्ष देणे सुधारले. परंतु त्या चौथ्या गटात, ज्यांना शिसे दिलेच नव्हते त्या उंदरांत, औषधाने शिकण्याच्या शक्तीवर टिकाऊ दुष्परिणाम झाला. तो जवळजवळ जास्त शिसे दिलेल्या उंदरांच्या नुकसानीइतका होता. त्या सुमारास अमेरिकेत ऑटिझम असलेल्या मुलांना हेच औषध देऊन पाहण्याचा सरकारी संस्थेचा बेत होता. या निष्कर्षानंतर २००८ मध्ये तो रद्द झाला. काही उंदरांच्या परीक्षेने कितीतरी मुले वाचली.

चौथी गोष्ट आपल्या स्वयंपाकघराची आहे. १९७० आणि १९७२ मध्ये सिक्स आणि गॉयर यांनी दाखविले की ज्या उंदरांच्या खाण्यात कॅल्शियम कमी किंवा लोह कमी, त्यांच्या अंगात शिसे जास्त साठते. पोटात अन्न नाही, अंगात रक्त नाही, अशा लेकराला विष अधिक लागते. गरिबीवर विष दुप्पट चढते, ही गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध झालेली आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. हीच कसोटी विज्ञानालाही लावली पाहिजे. उंदराला लागू पडले ते माणसाला लागू पडेलच असे नाही. आर्सेनिकचेच उदाहरण घ्या. उंदराच्या रक्तातील लाल पेशी आर्सेनिक धरून ठेवतात, माणसाच्या तशा धरत नाहीत. म्हणून प्राण्यांनंतर माणसांवरची परीक्षा लागतेच.

अमेरिकेत ७८० मुलांवर अशी परीक्षा झाली. त्यांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला २० ते ४४ मायक्रोग्रॅम होते. निम्म्यांना सक्सिमर, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी. २००१ मध्ये निष्कर्ष आले. औषधाने रक्तातले शिसे उतरले, पण बुद्धी, वागणूक, अभ्यास यांत काही फरक पडला नाही. मुले सात वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तरी तेच. गेलेली बुद्धी औषधाने परत आली नाही.

आपल्या देशात पश्चिम बंगालमध्ये विहिरी आणि नळकूपांच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे आजारी पडलेली माणसे १९८३ मध्ये डॉ. के. सी. साहा यांनी ओळखली. पुढे कलकत्त्यात डॉ. गुहा मजुमदार यांनी २१ रुग्णांवर डीएमएसएची परीक्षा घेतली. ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणारे आणि न घेणारे दोघेही सुधारले. कारण सर्वांनाच रुग्णालयात शुद्ध पाणी आणि चांगले जेवण मिळाले होते. डीएमपीएस या दुसऱ्या औषधाने मात्र २००१ च्या परीक्षेत अधिक गुण दिला. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. स्वरणजीत सिंग फ्लोरा यांनी डीएमएसएपासून बनलेले, पेशीच्या आत शिरू शकणारे नवे द्रव्य उंदरांवर अनेक वर्षे पारखले. त्याचे प्राण्यांवरील निष्कर्ष आशादायक आहेत, परंतु ते अजून सर्वसामान्य रुग्णाच्या हाती आलेले नाही.

मग ही औषधे निरर्थक आहेत का? नाही. २०१० मध्ये नायजेरियाच्या झाम्फारा प्रांतात गरीब कुटुंबे सोन्याचे खनिज घराच्या अंगणातच दळत होती. त्या दगडात शिसे होते. चारशेहून अधिक मुले दगावली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या डॉक्टरांनी पाच वर्षांपर्यंतच्या १,१५६ मुलांना डीएमएसएचे ३,१८० उपचारक्रम दिले आणि मृत्यूचे तांडव थांबले. पण तेथेही आधी अंगणातली विषारी माती खरवडून काढली गेली. ज्या घराची माती साफ झाली नाही तेथे मुलाला औषध देऊन परत पाठविणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे, हे तेथील डॉक्टरांनी ओळखले होते.

पहिले शील आणि प्रयोगशाळा

येथे आपल्या उपासक-उपासिकांच्या मनात एक प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. दर रविवारी विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे पहिले शील आपण तोंडाने म्हणतो. मग मुक्या प्राण्याला विष पाजून औषध पारखणे बौद्धाला मान्य असावे काय?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार फार स्पष्ट केला आहे. बुद्धाची अहिंसा हा आंधळा नियम नसून ते तत्त्व आहे, असे बाबासाहेब सांगतात. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत ते फरक करतात. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. म्हणून प्रश्न विचारायचा तो असा: या प्रयोगाची खरोखर गरज आहे काय? दुसरा मार्ग नाही काय? जे एकदा सिद्ध झाले तेच पुन्हा पदवीपुरते करून दाखविण्यासाठी शंभर उंदीर मारले जात आहेत काय? अशी निरर्थक हत्या धम्माच्या कसोटीला उतरणार नाही, आणि ती चांगल्या विज्ञानाच्या कसोटीलाही उतरत नाही.

१९५९ मध्ये इंग्लंडच्या रसेल आणि बर्च यांनी तीन गोष्टी सांगितल्या: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा आणि त्यांच्या वेदना कमी करा. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेखीसाठी समितीची तरतूद केली. १९९८ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत नीती समितीची मान्यता आवश्यक केली. हे योग्यच झाले.

पण भगिनींनो, दुसरी बाजूही पाहा. प्रयोगशाळेतल्या उंदरासाठी निदान समिती असते, पिंजऱ्यावर नोंद असते, किती शिसे दिले याचा हिशेब असतो. भंगार वितळणाऱ्या गल्लीतल्या लेकराच्या अंगात रोज किती शिसे जाते, याचा हिशेब कोण ठेवतो? अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १९९० च्या दशकात गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय कुटुंबांना शिशाचा रंग कमी-अधिक प्रमाणात काढलेल्या घरांत ठेवून त्यांच्या मुलांचे रक्त तपासण्यात आले. २००१ मध्ये मेरीलँड राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने या अभ्यासावर अत्यंत कडक शब्दांत टीका केली. ज्यांच्याजवळ सत्ता नाही, पैसा नाही, त्यांच्याच लेकरांचा कोठेही प्रयोग होतो. हा वर्णाचा आणि वर्गाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्याला नवा नाही.

‘रक्तशुद्धी’च्या दुकानांपासून सावध

या औषधांच्या नावावर धंदा करणारेही आहेत. हृदयाच्या नळ्या साफ करतो, ऑटिझम बरा करतो, अंगातले सगळे विष काढतो, असे सांगून सलाईनमधून ईडीटीए दिले जाते. ईडीटीए दोन प्रकारचे असते. शिशाच्या उपचाराला कॅल्शियमयुक्त ईडीटीए वापरतात. दुसरे सोडियमचे, ते रक्तातील कॅल्शियमच ओढून घेते आणि हृदय बंद पडू शकते. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत असे तीन मृत्यू झाले. त्यांत दोन लहान मुले होती. एक ऑटिझम असलेले, आणि एका शिसेबाधा झालेल्या मुलीला चुकीचे ईडीटीए दिले गेले होते.

काही भस्मे आणि ‘रसौषधी’ यांच्यातच शिसे, पारा, आर्सेनिक असते. अमेरिकेतील बोस्टन भागात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये हे धातू आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. जुने आहे म्हणून निर्दोष आहे, ही समजूत सोडली पाहिजे. ज्याने पोथीला प्रमाण मानायचे नाकारले त्या समाजाने पुडीवरच्या संस्कृत नावाला का भुलावे?

घरात काय करावे?

२०२० मध्ये युनिसेफने जाहीर केले की जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे, म्हणजे तीन मुलांत एक. तेव्हा हा दूरचा प्रश्न नाही. पुढील गोष्टी प्रत्येक घरी करता येतात.

कामाचे कपडे आणि चपला घराबाहेर काढाव्यात. अंघोळ करून मगच लेकराला जवळ घ्यावे. ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. बॅटरी फोडणे, शिसे वितळवणे ही कामे घरात, ओट्यावर किंवा गल्लीत करू नयेत आणि कोणाला करू देऊ नयेत. जुना रंग कोरडा खरवडू नये. पाणी मारून ओला करून काढावा. केर सुका झाडण्यापेक्षा फरशी ओल्या फडक्याने पुसावी. मुलांचे हात जेवणाआधी साबणाने धुवावेत.

भडक पिवळी सुटी हळद घेऊ नये. रंग यावा म्हणून तिच्यात शिशाचा क्षार मिसळल्याचे प्रकार बांगलादेशात आणि आपल्याकडे बिहारमध्ये उघडकीस आले आहेत. सुरमा, खुले कुंकू-शेंदूर यांतही शिसे असू शकते. लेकराच्या डोळ्यांत काही घालू नये. कल्हई लावताना कथलात शिसे मिसळले नाही याची खात्री विश्वासू कल्हईवाल्याकडून करून घ्यावी.

जेवणात नाचणी, तीळ, पालेभाज्या, डाळी, अंडी ठेवावीत. काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट आणि छोटी मासळी ही आपल्या घरची स्वस्त कॅल्शियमची पुरवणीच आहे. उपाशीपोटी मुलाला खेळायला पाठवू नये. गरोदर बाईने विशेष काळजी घ्यावी, कारण मोठ्या माणसाच्या अंगातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठते आणि गरोदरपणात ते सुटून पोटातल्या बाळाकडे जाते. लहानपणी आईच्या अंगात गेलेले विष असे पुढच्या पिढीला पोहोचते.

शिशाच्या धंद्यात असलेल्या प्रत्येक घराने मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी करण्याचा आग्रह शासकीय रुग्णालयात किंवा कामगार विमा रुग्णालयात धरावा. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ५ मायक्रोग्रॅमपासून पुढे शिशाचा स्रोत शोधून तो बंद करावा, आणि दहा वर्षांपर्यंतच्या मुलात ४५ किंवा अधिक असेल तर चिलेशनचे औषध द्यावे. ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्याहून कमी असेल तर औषधापेक्षा घर, काम आणि आहार बदलणे हाच उपचार.

एकट्याचे काम नव्हे

स्रोत बंद करणे हे एकट्या आईच्या हातचे नाही. कारखान्याने कामगाराला कपडे धुण्याची, अंघोळीची सोय द्यावी, हवा खेळती ठेवावी, रक्त तपासावे. १९४८ च्या कारखाना कायद्याने सरकारला कळविणे बंधनकारक केलेल्या रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिल्याच क्रमांकावर होती. म्हणजे राज्यकर्त्यांना हे तेव्हापासून ठाऊक आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगाराचे आरोग्य हा दयेचा नव्हे, हक्काचा विषय केला. तो हक्क मागायला संघटना लागते.

प्रयोगशाळेतल्या त्या मुक्या जिवांनी आपल्यासाठी प्राण दिले आहेत. त्यांच्या मरणातून जे ज्ञान निघाले ते वाया जाऊ द्यायचे नसेल तर त्याचे सार ध्यानात ठेवावे: आधी विष थांबवा, मग औषध; आणि विष नसेल तर औषध नको. आपल्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचावा, वस्तीत कोण कोण शिशाच्या धंद्यात आहे याची यादी करावी आणि त्या घरांतील मुलांना एकाच दिवशी रक्त तपासणीसाठी घेऊन जावे. दहा आया मिळून गेल्या तर रुग्णालयाला त्यांचे म्हणणे ऐकावे लागते.

जयभीम! नमो बुद्धाय!